लोखंडावरचा हात लाकडावर

आईची पीठ मळायची लाकडी काटवट गेल्या पावसाळ्यात फुटली. तडा जुनाच, आजीच्या वेळचा. त्यावर कुणीतरी पत्र्याची पट्टी ठोकून दिली होती आणि तेवढ्यावर ती तीस-चाळीस वर्षं निघाली. एका सकाळी पट्टीचा खिळा सुटला आणि पीठ मळता मळता काटवटीच्या दोन फाका झाल्या. तेव्हापासून आई स्टीलच्या परातीत मळायला लागली, पण रोज तिचं काहीतरी असायचंच. परात ओट्यावर फिरते. मालदांडी ज्वारीच्या पिठात कढत पाणी घातलं की खालून तापते. कडेचं पीठ खरवडताना कर्र आवाज येतो. आमच्याकडं दोन्ही वेळा भाकरी आणि आठवड्यातून एकदा कडक भाकरीची चवड, त्यामुळं तक्रारही दोन्ही वेळा.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एक काटवट दिसली. लेथवर फिरवून काढलेली, वार्निश मारून चकचकीत केलेली. आईनं तिच्यावर बोटानं टकटक केलं आणि "ही टीव्हीवर ठेवायची" म्हणून पुढं चालायला लागली. मी म्हणालो, "थांब, मीच करून देतो."

असं बोलायला मला काही वाटलं नाही, कारण चकती लावून घासायचा-कापायचा हातातला ग्राइंडर हे माझं रोजचं हत्यार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. मागाच्या फ्रेमचं वेल्डिंग घासायचं, गंजलेला बोल्ट कापायचा, शाफ्टच्या कडेला राहिलेली धातूची बर काढायची, सतरा वर्षं हेच. हात बसलेला. त्यात लाकूड म्हणजे लोखंडापेक्षा मऊच की! या "मऊच की"नं पुढचे काही महिने मला चांगलाच इंगा दाखवला.

लाकूड घरचंच मिळालं. मंद्रूपला मामाच्या बांधावरचा कडुनिंब तीन उन्हाळ्यांपूर्वीच्या वळवात उन्मळून पडला होता. मामानं वखारीत नेऊन त्याच्या जाड फळ्या काढून आणल्या, दारांच्या चौकटींसाठी. पुढं चौकटी सिमेंटच्या बसल्या आणि फळ्या गोठ्यात पडून राहिल्या. त्यातली एक मी उचलली. चार इंच जाड, सोळा इंच रुंद, दोन फूट लांब. टोकांना मामानं उरलेला ऑइलपेंट फासून ठेवला होता, हे त्यानं फार शहाणपणाचं केलं होतं. लाकडातलं पाणी टोकांकडून सगळ्यात लवकर निघून जातं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तर टोकं आधी वाळून आकसतात, मधला भाग ओलाच राहतो आणि मग टोकाला फाटतं.

आमच्या नीलम नगरच्या गल्लीत एक म्हातारे सुतार राहतात. वय सत्तरीच्या पुढं, काम सोडलेलं, पण हत्यारं अजून पेटीत तेल लावून ठेवलेली. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीमामा म्हणते. फळी त्यांना दाखवली. त्यांनी टोक ओलं करून बोटानं वर्तुळं मोजली आणि एका कोपऱ्याजवळ नख टेकवलं. खोडाच्या अगदी मधोमध जो बारीक मऊ गर असतो, तो तिथं कडेला आला होता. "हे टाक. गर ठेवलास की तिथनंच फाटतंय." मी मान हलवली, पण तो कोपरा टाकला तर काटवट चौदा इंचांवर येत होती आणि मला आईच्या जुनीएवढी सोळाचीच हवी होती. मी पेन्सिलीनं सोळाचं वर्तुळ मारलं. गर काठापासून अर्ध्या इंचावर आत राहिला. याचं पुढं सांगतो.

आता चकत्यांचं. ग्राइंडर चार इंची, कारखान्यात असतो तसलाच. लोकांना वाटतं ग्राइंडर हे एक मशीन आहे. खरं तर ती नुसती एक जोरात फिरणारी मोटर. हत्यार म्हणजे तिला लावलेली चकती, आणि दर चकतीला हात वेगळा लागतो. हे मी आज सांगतोय. त्या रविवारी मी घरात होती ती लोखंड घासायची चकती लावली आणि गच्चीवर फळीवर टेकवली.

पाच सेकंदात धूर. लाकूड काळं पडलं, करपलेल्या दुधासारखा वास सुटला आणि निघालं काहीच नाही. नंतर विचार केल्यावर कारण लक्षात आलं. घासायच्या चकतीत कठीण कण चिकटवलेले असतात. लोखंडावर ते कण बोथट झाले की तुटून पडतात आणि खालचे नवे धारदार कण वर येतात. चकती झिजते म्हणून तर कापते. लाकूड त्या कणांना तोडत नाही. त्याचे धागे आणि डिंक मधल्या फटीत भरतात, चकती काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग ती नुसती घासून तापवत राहते. ते चटके बसलेलं लाकूड पुढं खरवडून काढायला मला अर्धा तास गेला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. लाकूड कोरायचंय म्हटल्यावर काउंटरवरच्या पोरानं चार इंची करवतीचं पातं काढून दिलं. चाळीस दातांचं, दातांना कार्बाइड. "सगळे सुतार ग्राइंडरला हेच लावतात." ते खोटं नाही. कुठल्याही फर्निचरच्या साइटवर गेलात तर ग्राइंडरला करवतीचं पातं आणि गार्ड काढून फेकलेलं, हे चित्र दिसतंच. पात्याचं भोक वीस मिलिमीटरचं, माझ्या ग्राइंडरची बैठक सोळाची. त्यानं मधे बसवायला एक रिंगही दिली. गार्ड मीही काढलं, कारण पातं त्याला घासत होतं. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं.

पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. मी वर्तुळाच्या बाहेरचा कोपरा कापायला पातं खाली घातलं. इंचभर छान गेलं, बोटानं लोणी कापावं तसं. मग हात जरासा वळला असेल. पातं चिरेत अडकलं, ग्राइंडर हातातून उसळला, खांद्याजवळून गेला आणि गच्चीवर पडला. त्याचा स्विच पुढं सरकवून अडकवायचा प्रकारातला, म्हणजे हात सुटला तरी मशीन चालूच. दिवाळीतल्या भुईचक्रासारखा तो फरशीवर गरगरत फिरत होता आणि मी वायरीवरून उड्या मारत प्लगपर्यंत पोचलो. सगळं थांबल्यावर पाहिलं तर गळ्यात टाकलेल्या टॉवेलचं एक टोक साफ कापलेलं. टॉवेल आमच्याच कारखान्याचा. सोलापुरात घाम पुसायला गळ्यात टॉवेल नाही असा माणूस उन्हाळ्यात सापडायचा नाही, मलाही ते कधी खटकलं नव्हतं. त्या दिवसापासून ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी टॉवेल खुंटीला.

आवाज ऐकून मिस्त्रीमामा जिना चढून आले. पातं बघितलं, टॉवेल बघितला.

"काय बे, जीव द्यायचा इचार हाय का?"

"मामा, लोखंडावर असं कधी होत नाही ओ."

"लोखंड हाताला ढकलतंय. लाकूड हाताला वढतंय. तुझा हात ढकलणाऱ्याला शिकलेला हाय."

माझी सतरा वर्षं त्यांनी एका वाक्यात मोजून दिली. घासायच्या चकतीला दात नसतात, ती लोखंडावर टेकवली की मागं रेटते आणि आपण तिला दाबून धरतो. दात असलेली चकती लाकडात घुसली की प्रत्येक दात स्वतःला आणखी आत ओढतो. तिथं दाबायची सवय म्हणजे आगीत तेल. आणि करवतीचं पातं सरळ रेषेसाठी असतं. गोल करवतीच्या मशीनला खाली पत्र्याची बैठक असते, ती पात्याला वाकडं होऊ देत नाही. ग्राइंडर हातात मोकळा. मनगट दोन अंश फिरलं तरी पात्याच्या बाजू चिरेत आवळतात आणि मागचे दात मशीनला वर फेकतात.

किती जोरानं, याचा मी रात्री हिशेब मांडला. चकती शंभर मिलिमीटरची, माझ्या मशीनवर लिहिलेले फेरे मिनिटाला अकरा हजार. म्हणजे चकतीची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर धावते, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. आमच्या स्टेशनातून मुंबईला सुटणारी वंदे भारतही त्या मार्गावर एवढी पळत नाही. चकतीवर छापलेले जास्तीत जास्त फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत, हे कारखान्यात मी नव्या पोरांना शिकवतो. ते करवतीचं पातं घेताना मात्र मी त्यावरचा आकडा वाचलाही नव्हता. ते पातं आता भिंतीला खिळ्यावर टांगलंय. वापरायला नाही.

मिस्त्रीमामांनी दुसऱ्या दिवशी वाकस, म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं हत्यार, आणला. फळी दोन पायांत धरून त्यांनी बसल्या बसल्या आठ-दहा घाव घातले. प्रत्येक घावाला बोटाएवढी ढलपी उडत होती आणि खाली राहणारी जागा गुळगुळीत. आवाज नाही, धूळ नाही. मी हात मारून पाहिला तर वाकस एकदा उसळला आणि एकदा रुतून बसला. "दोन वरसं लागत्यात," ते म्हणाले. "तुझ्याकडं येळ नाही, मशीन हाय. मशीननंच कर. पण आधी लाकूड बांध."

बांधणं हा भाग मी विसरलोच होतो. लोखंड व्हाइसमध्ये आवळतो तसा हा ओंडका आवळायचा कुठं? क्लॅम्प लावावा तर तो जिथं कोरायचं तिथंच मधे येतो. शेवटी जुन्या लाकडी टेबलावर फळीभोवती चार गुटके स्क्रूनं ठोकले आणि फटीत दोन पाचरी मारल्या. फळी जरा हलायला लागली की हातोडीनं पाचर एक टिचकी आत. क्लॅम्पपेक्षा बरं. कडेचे कोपरे मामांनी हातकरवतीनंच उडवायला लावले. पुढचे आठ दिवस माझे दंड बोलत होते.

खोली कशी ठरवायची, याची युक्ती मात्र माझी. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून मधोमध तीन इंच खोल भोक पाडलं. चार इंचांतले तीन गेले, तळाला एक इंच उरला. बाजूला निम्म्या अंतरावर आणखी सहा भोकं, दोन-दोन इंचांची. कोरत जायचं आणि भोकाचा तळ दिसला की थांबायचं. एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ड्रिलच्या पात्याचं टोक टोकदार असतं आणि ते टेपेच्या खुणेपेक्षा खाली एक खड्डा सोडतं. मधल्या भोकाचा तो खड्डा अजूनही आमच्या काटवटीत आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि आईला त्यात रोज पीठ अडकलेलं सापडतं.

मग आली चेनची चकती. दोन लोखंडी तबकड्यांच्या मधे झाडं कापायच्या चेनसॉची छोटी चेन गोल अडकवलेली, दात बाहेर. दात कमी असतील तर मोठे लचके तोडते, जास्त असतील तर जरा सभ्य. मी जास्त दातांची घेतली. याही वेळी आधी सगळ्या गोष्टी केल्या. गार्ड लावलेलं, बाजूची मूठ घट्ट पिळलेली, तोंडावर पूर्ण शील्ड, अंगात घट्ट बाह्यांचा शर्ट. लोंबणाऱ्या हातमोज्यांनाही सुट्टी. मशीनसुद्धा शेजारच्या वर्कशॉपमधून दुसरं मागून आणलं, ज्याची पट्टी दाबून धरली तरच चालतं. हात सुटला की बंद.

आणि काय सांगू, मजा आली. चकती सरळ खुपसायची नाही, तिरकी धरायची. कडेचा थोडाच भाग लाकडाला लागेल एवढी, आणि काठाकडून मधे असं खाली उतरत यायचं. पोकळीत त्या दिशेनं धागे दबत जातात, उलट वर चढवलं की उचकटतात. दोन्ही कोपर अंगाला टेकवलेले. दाबायचं अजिबात नाही, मशीनच्या वजनावर काम. हे "दाबायचं नाही" शिकायला मला सगळ्यात वेळ लागला. हात आपोआप जोर लावायचा आणि दर वेळी चकती एकदम ओढ घ्यायची. पण एकदा जमलं की शेंगदाण्याएवढे तुकडे पावसासारखे उडायला लागले. दोन संध्याकाळींत पोकळीचा निम्मा भाग मोकळा झाला.

तिसऱ्या संध्याकाळी गाठ लागली. वरून काही दिसत नव्हतं. आत दीड इंचावर एक जुनी फांदी गिळून बसलेली. गाठीचं लाकूड भोवतीच्यापेक्षा कितीतरी कठीण आणि धागे भलत्याच दिशेनं. चकती मऊ भागात छान चालली होती, गाठीवर आपटली, उडाली आणि काठावर आडवी पडली. यावेळी मशीन हातातच राहिलं, पट्टी सुटली आणि बंद पडलं. पण काठाचा तीन इंच लांब, अर्धा इंच खोल तुकडा गेला होता. मी खाली बसलो आणि किती तरी वेळ नुसता त्या खाचेकडं पाहत राहिलो. घासलेलं लोखंड जास्त गेलं तर वेल्डिंग भरता येतं. लाकडाला वेल्डिंग नाही.

मिस्त्रीमामांनी खाचेत बोट फिरवलं, पेन्सिल मागितली आणि काठाभोवती अर्धा इंच खाली एक रेघ मारत आणली. "सगळा काठ हितं आण. उथळ झाली तर काय बिघडतंय? तुझ्या आईचा हात किती मोठा हाय?" मी मोजायला गेलो नाही. काठ उतरवला.

गाठीनंतर चेनची चकती मी पेटीत टाकली आणि काटेरी चकती घेतली. तिला दात नसतात. लोखंडी वाटीच्या पाठीवर कार्बाइडचे बारीक काटे चिकटवलेले, कानशीसारखे. चेनच्या मानानं ही निम्म्यानंही काढत नाही, पण ओढ जवळजवळ घेत नाही आणि गाठीवरून शांतपणे जाते. पहिल्यांदा लाकूड कोरणाऱ्यानं हिच्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं मत झालंय. वेळ जास्त लागेल, लागू दे. शिवाय रंध्याच्या पात्यासारखी धार असलेल्या चकत्याही असतात. ऑस्ट्रेलियातल्या आर्बोर्टेक कंपनीची टर्बोप्लेन त्यातली नावाजलेली. त्यांनी कापलेली जागा फारच स्वच्छ येते म्हणतात. एका काटवटीसाठी तेवढे पैसे घालायची माझी तयारी नव्हती.

काट्यांनी आतला आकार आला. आता घासायचं, आणि इथं मी पुन्हा स्वतःला हुशार समजलो, कारण फ्लॅप डिस्क ही माझी रोजची. पॉलिश पेपरच्या पाकळ्या एकावर एक चिकटवलेली चकती, चाळीस नंबर, साठ, ऐंशी, एकशेवीस. बाहेरची बाजू चाळीसनं अर्ध्या तासात झाली, कारण बाहेरचा गोलावा बाहेर येणारा आणि चकती सपाट. आत मात्र सपाट चकती पोकळीत टेकली की तिची कडच आधी लागते. प्रत्येक टेकीला एक चंद्रकोर. दहा मिनिटांत माझ्या काटवटीत आतून सगळीकडं नखं ओरबाडल्यासारखं दिसायला लागलं. एक ओरखडा काढायला जावं तर शेजारी दोन नवे.

तोडगा कारखान्याच्या भंगाराच्या डब्यात सापडला. झिजलेल्या फ्लॅप डिस्कची कड आपोआप गोल झालेली असते. लोखंडाला ती निकामी, लाकडाच्या पोकळीला तीच हवी. तशा पाच-सहा घरी आणल्या. प्लॅस्टिकच्या पाठीची नवी चकती असेल तर पाठ थोडी कापून पाकळ्या कडेबाहेर काढता येतात, मग त्या वाकतात आणि पोकळीत नीट बसतात. ग्राइंडर एका जागी ठेवायचा नाही, सतत फिरता. एका जागी राहिला की खड्डा पडतो, लाकूड तापून तपकिरी डाग येतो आणि डिंक पाकळ्यांत भरतो. भरलेली चकती साफ करायला जुन्या रबरी चपलेचा तळवा उत्तम. फिरत्या चकतीला हलकेच टेकवला की सगळा भुसा रबर घेऊन जातं. तेही शील्ड लावूनच.

भुसा! त्याचं सांगायला पाहिजे. चेननं तुकडे पडत होते, ते झाडून गोळा व्हायचे. फ्लॅप डिस्कनं जे निघतं ते पिठापेक्षा बारीक, आणि ते खाली बसत नाही, तरंगतं. एप्रिलचा महिना, दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता, म्हणून मी सकाळी साडेसहाला सुरू करायचो. शेजारच्या अक्का पहाटेच कुरडया घालून वाळवणाला चादर पसरून गेल्या होत्या. वारं त्यांच्याकडं. मला शील्डमधून काही दिसलं नाही. आठ वाजता त्या वर आल्या.

"ओ दादा, हे काय पिवळं पिवळं?"

कडुनिंबाचा भुसा. त्यांनी एक कुरडई तोडून जिभेवर ठेवली आणि माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. चार किलो गव्हाच्या चिकाच्या कुरडया होत्या. आईनं त्यांना आमच्या घरातल्या गेल्या वर्षीच्या सगळ्या कुरडया देऊन टाकल्या आणि महिनाभर मला ऐकवलं. त्यानंतर मी काम खाली, घरामागच्या बोळात, पाण्यानं जमीन ओली करून, आणि अक्कांना आदल्या दिवशी विचारून.

माझ्या स्वतःच्या घशाला तो कडूपणा पहिल्या दिवशी रात्रीपर्यंत होता, चहासुद्धा कडू. तोपर्यंत मी नाकाला रुमाल बांधून काम करत होतो. रुमालातून हा भुसा आरपार जातो. आणि तो नुसता कडू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे. वर्षानुवर्षं ती धूळ घेणाऱ्यांना नाकाच्या पोकळीचा कर्करोग होतो म्हणून. मिस्त्रीमामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "वाकसाला मास्क लागत न्हवता." त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मी एन-९५ मास्क आणले, मग तेही गरमीत घामानं भिजून गळायला लागले तेव्हा कारखान्यात पेंटिंगला वापरतात तसला रबरी, दोन्ही बाजूंना धुळीचे फिल्टर असलेला घेतला.

शेवटचं घासकाम हातानं केलं. ऐंशी नंबरपर्यंत मशीन, मग ओल्या फडक्यानं सगळी काटवट पुसली. लाकूड ओलं झालं की दबलेले धागे उभे राहतात, हाताला दाढीच्या खुंटासारखे लागतात. वाळल्यावर ते एकशेवीसच्या पेपरनं उडवले. पुन्हा पुसलं, पुन्हा उडवले. त्याच्यापुढं गेलो नाही. काटवट आरशासारखी असून चालत नाही, पीठ मळताना जरा धरून राहायला लागतं. त्या दोन संध्याकाळी ग्राइंडर पेटीत होता आणि माझा हात पहिल्यांदा लाकडावरून कुठलीही घाई न करता फिरला.

तेल कोणतं लावायचं यावरून घरात दोन तट. आई म्हणाली शेंगदाण्याचं, घरात तेच असतं. पण शेंगदाण्याचं तेल लाकडात वाळत नाही, तसंच राहतं आणि काही दिवसांनी खवट वास सुटतो. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडातच बसतं. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल आणलं. रंगवाल्यांकडं मिळतं ते शिजवलेलं तेल घेतलं नाही, त्यात लवकर वाळण्यासाठी इतर रसायनं मिसळलेली असतात. फडक्यानं पातळ हात, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घेतलं, असं दर दोन-तीन दिवसांनी पाच वेळा. एक गोष्ट मात्र कारखान्यात ऐकली होती म्हणून आठवली. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. तेल वाळताना गरम होतं, बोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही आणि फडकं आपोआप पेटू शकतं. सोलापूरचा मे महिना, पत्र्याची शेड आणि तेलाचं फडकं, मी ते तारेवर उघडं वाळत घातलं आणि मग पाण्यात भिजवून टाकलं.

मे संपता संपता काटवट आईच्या ओट्यावर आली. पंधरा इंचाच्या वर रुंद, अडीच इंच खोल, एका बाजूला काठ जरा पातळ, गाठीच्या जागी एक काळा डोळा. आईनं ती आधी उचलून पाहिली. "जड आहे," म्हणाली. मग पाणी शिंपडून पीठ घेतलं. मी दारात उभा. परात फिरायची तशी ती फिरली नाही. पहिल्या भाकरीचा तुकडा मी जरा जास्तच चावून चावून खाल्ला, कडुनिंबाची चव शोधत. नव्हती. आईला मात्र पहिल्या आठवड्यात हाताला वास यायचा. तिसऱ्या आठवड्यापासून नाही.

पाऊस सुरू झाला तसा काठावर केसासारखा एक तडा दिसायला लागला. बरोबर तिथं, जिथं मिस्त्रीमामांनी नख टेकवलं होतं. लाकूड वाळवायचा जुना अंदाज इंचाला एक वर्ष, माझी फळी चार इंचांची आणि तिला मिळाले तीन उन्हाळे. त्यात तो गर. मामांना दाखवायला मी आठ दिवस टाळलं. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. काठाखालून, तड्याच्या दोन्ही बाजूंना खोल जाईल असा एक बारीक लाकडी फुलपाखराच्या आकाराचा तुकडा बसवून द्यायचं कबूल केलं, पण आधी तडा थांबू दे म्हणाले. मी केसाच्या टोकाला पेन्सिलीची आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. आई रोज त्यात मळते आणि धुताना रेघ पुसू नये म्हणून तेवढी जागा सोडून घासते. काल पाहिलं तेव्हा केस रेघेच्या अलीकडंच होता.